स्फुरद, खार आणि काळी माती

विदर्भात माती परीक्षणाचं काम ज्यांनी केलं आहे, त्यांच्या कानात एक प्रश्न कायमचा बसलेला असतो. "मॅडम, दरवर्षी पेरणीसोबत डीएपी देतो, मग रिपोर्टात स्फुरद कमीच कसं?" विचारणाऱ्याच्या हातात माती परीक्षणाचा कागद असतो. त्यावर सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर, मुक्त चुना भरपूर, पालाश (पोटॅशियम) मुबलक आणि स्फुरदापुढे, म्हणजे फॉस्फरसपुढे, 'कमी'. माझं उत्तरही ठरलेलं असे. "दादा, तुम्ही टाकलेलं कुठं गेलं नाही. जमिनीतच आहे. चुनखडीनं धरून ठेवलंय."

हे उत्तर देता देता माझी नोकरी संपत आली तेव्हा एका लेखातून कळलं, की पृथ्वीवर पहिला जीव कसा झाला असेल याचा शोध घेणारी मंडळीही नेमकी याच जागी अडली होती. त्यांच्या कोड्यातही चुना होता, स्फुरद होतं आणि 'आहे पण मिळत नाही' ही तक्रार होती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जे वाचलं, समजून घेतलं आणि स्वतःच्या कामाशी ताडून पाहिलं, ते इथे मांडते आहे.

शाळेत आपण जीवाच्या आरंभाबद्दल शिकतो ते बहुधा स्टॅन्ली मिलरच्या १९५३ सालच्या प्रयोगापाशी येऊन थांबतं. काचेच्या भांड्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ, त्यातून विजेच्या ठिणग्या आणि थोड्या दिवसांनी तळाशी अमिनो आम्लं. प्रयोग थोरच होता. पण त्या चित्रात हवा आहे, पाणी आहे, वीज आहे आणि दगड मात्र कुठेच नाही. पृथ्वी म्हणजे तर मुळात दगड. जिथे कुठे पहिली रसायनं एकत्र आली असतील, तिथे तळाला, काठाला, गाळाला कुठलं ना कुठलं खनिज असणारच. आणि खनिज नुसतं पडून राहत नाही, हे मातीत काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते काही धरतं, काही सोडतं. काय धरलं आणि काय सोडलं, यावर पीक ठरतं. माझी अशी पक्की समजूत झाली आहे, की जीवाचंही असंच ठरलं असावं.

आधी स्फुरदाबद्दल. मोठ्या माणसाच्या शरीरात ते साधारण ७०० ग्रॅम असतं. त्यातलं ८५ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या थोड्याशा भागावर सगळा कारभार चालतो. डीएनए आणि आरएनएच्या साखळीत प्रत्येक दोन कड्यांच्या मध्ये एक फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एक गट, असतं. पेशीचं आवरण ज्या स्निग्ध पदार्थांचं, त्यांच्या डोक्याशी फॉस्फेट. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीत एकापुढे एक तीन फॉस्फेट. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी १९८७ मध्ये 'निसर्गाने फॉस्फेटच का निवडलं' असा सरळ प्रश्न विचारून एक लेख लिहिला. त्यांचं उत्तर मला फार आवडतं. फॉस्फेट दोन बाजूंना दोन रेणू जोडतं आणि तरी त्याच्यावर एक ऋण भार शिल्लक राहतो. त्या भारामुळे पाणी तो जोड सहजासहजी तोडू शकत नाही आणि रेणू पेशीच्या आवरणातून बाहेर निसटत नाही. जोड टिकतो, पण योग्य विकर (एन्झाइम) आलं की तुटतोही. असं दुसरं काही सापडत नाही.

म्हणजे फॉस्फेट हवंच. पण ते मिळतं कुठून? सगळं मुळात दगडातून. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बसाल्टमध्ये, ते असतं, पण अगदी थोडं. ते बहुतेक अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजात, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या जोडीत बांधलेलं असतं. ही जोडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आपली हाडं पावसात विरघळत नाहीत ती म्हणूनच, कारण हाडांतही तेच खनिज आहे. दगड झिजून थोडं फॉस्फेट मोकळं झालंच, तर पाण्यातला कॅल्शियम त्याला पुन्हा गाठतो आणि ते परत तळाशी बसतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात फॉस्फरस सरासरी एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी निघतो. आज सगळी जीवसृष्टी तेवढ्यावर काटकसरीने जगते, कारण तिच्याजवळ तो वेचून घेण्याची यंत्रणा आहे. जेव्हा यंत्रणाच नव्हती तेव्हा काय?

अ‍ॅडिसन गुलिक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ही अडचण स्पष्ट शब्दांत मांडली. मिलरच्या यशाने सगळे भारावलेले असताना हा माणूस विचारत होता, की कार्बन, नायट्रोजन सगळं ठीक, पण फॉस्फरस कुठून आणणार? पुढची कित्येक दशकं या प्रश्नाला बगल दिली गेली. प्रयोगशाळेत बाटलीतून फॉस्फेट हवं तेवढं ओतता येतं. २००९ मध्ये जॉन सदरलँड आणि सहकाऱ्यांनी आरएनएचे घटक साध्या रेणूंपासून घडवून दाखवले. फार मोठं काम. पण त्यातही फॉस्फेट भरपूर होतं, आणि ते नुसतं घटक म्हणून नव्हे, तर सगळी प्रक्रिया सांभाळणारा कारभारी म्हणून. निसर्गात इतकं फॉस्फेट मोकळं कुठे असेल, हा प्रश्न तिथेच राहिला.

इथे मला प्रयोगशाळेतल्या एका रोजच्या कामाकडे वळायचं आहे.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीतलं उपलब्ध स्फुरद मोजायला आम्ही ओल्सेन पद्धत वापरतो. स्टर्लिंग ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी ती १९५४ मध्ये दिली. वाळवून, कुटून, चाळलेली अडीच ग्रॅम माती शंकूपात्रात घ्यायची. त्यात ५० मिली सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घालायचं, सामू बरोबर ८.५. द्रावणाचा काळपट रंग जावा म्हणून चिमूटभर फॉस्फरसमुक्त कोळशाची भुकटी. मग अर्धा तास शेकरवर हलवायचं. गाळून आलेल्या निवळीत मॉलिब्डेटचं आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण टाकलं, की फॉस्फेट असेल त्या प्रमाणात निळा रंग चढतो. आधी पुसटसा, आकाशी, मग दहा-पंधरा मिनिटांत गडद. ज्या मातीत काही नाही तिची नळी फिकटच राहते. हा निळा रंग चढताना पाहणं मला शेवटपर्यंत कंटाळवाणं वाटलं नाही. मातीतल्या न दिसणाऱ्या गोष्टीने समोर येऊन हजेरी लावावी, असं ते असतं.

पण बायकार्बोनेटच का? साधं पाणी का नाही? कारण पाणी घातलं तर कॅल्शियम फॉस्फेटला सोडतच नाही. बायकार्बोनेटच्या द्रावणात कार्बोनेट असतं, आणि कॅल्शियमला त्याची ओढ असते. कॅल्शियम कार्बोनेटशी जोडी जमवून चुना होऊन तळाशी बसतो आणि फॉस्फेट मोकळं पाण्यात उतरतं. आम्ही हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि नंतर हाताला सवय झाल्यावर त्याचा विचारही सोडून दिला होता.

२०२० च्या आरंभी वॉशिंग्टन विद्यापीठाचे जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांचं संशोधन आलं. जगभरातल्या कार्बोनेटने भरलेल्या तळ्यांच्या पाण्याची मोजमापं त्यांनी गोळा केली आणि सोबत स्वतः प्रयोगही केले. कॅलिफोर्नियातलं मोनो सरोवर, केनियातलं मगाडी, आणि आपलं लोणार. अशा तळ्यांत फॉस्फरस समुद्राच्या, नद्यांच्या आणि साध्या तळ्यांच्या तुलनेत ५०,००० पटींपर्यंत जास्त असू शकतो, असं त्यांनी म्हटलं. आणि कारण? कॅल्शियम कार्बोनेटकडे जातो, फॉस्फेट मोकळं राहतं. ओल्सेनची पद्धत! फरक एवढाच, की शंकूपात्राऐवजी आख्खं तळं, आणि अर्ध्या तासाऐवजी हजारो वर्षं.

वाचताना मी उठून उभी राहिले होते.

लोणार आमच्यापासून लांब नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या पाषाणात अशनी आदळून झालेलं. बसाल्ट खडकात झालेली इतकी सुस्थितीतली आघातविवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. वरच्या काठावर धारेचं गोड पाणी आहे, गोमुखातून अखंड पडणारं. तिथून झाडीतून खाली उतरलं, की हवेत अंडं नासल्यासारखा वास यायला लागतो आणि तळ्याचं हिरवट पाणी दिसतं. त्याचा सामू दहाच्या आसपास. बोटं बुडवून एकमेकांवर चोळली तर साबण लावल्यासारखी निसटतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं, की चिखलावर पांढरा पापुद्रा धरतो. नखाने उचलला तर पातळ, ठिसूळ, खालून ओलसर राखाडी. जुन्या काळी हा खार काढण्याचा इथे मोठा धंदा होता. खाराच्या प्रतींना दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. अकबराच्या काळातल्या नोंदींतही इथे काच आणि साबण करण्याचा माल मिळतो असा उल्लेख आहे. म्हणजे सोडा, सोडियमचं कार्बोनेट.

आता हा सोडा आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आंबट पाणी पाषाण झिजवतं. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात, थोडं फॉस्फेटही. पाणी विवरात उतरतं आणि तिथून बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवत राहतं, क्षार मागे राहतात. सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेटसोबत खाली बसतो. बसाल्टच्या मुलखात पाण्यातलं बायकार्बोनेट कॅल्शियमला पुरून उरतं. कॅल्शियम संपतो आणि सोडियमचं कार्बोनेट शिल्लक राहतं. फॉस्फेटला धरणारं मग कुणी उरत नाही. आदिम पृथ्वीवर काळे पाषाण भरपूर होते, ज्वालामुखी होते, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. अशी तळी तेव्हा दुर्मीळ असण्याचं कारण नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जीव लोणारला झाला, असं मी म्हणत नाही आणि कुणीही म्हणू नये. दख्खनचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर त्याच्याही कितीतरी नंतरचं. जीवाच्या खुणा ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहेत. लोणारचं मोल वेगळं आहे. तेव्हा जी रसायनक्रिया घडली असेल, तिच्यातली एक पायरी तिथे अजून घडते आहे आणि एसटीने जाऊन पाहता येते.

लोणारमध्ये एक अडचण मात्र आहे, आणि तीच या कल्पनेची खरी कसोटी आहे. तळं जीवांनी भरलेलं आहे. निळं-हिरवं शेवाळ, नाना प्रकारचे जिवाणू, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी करून सोडणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या गुलाबी रंगाचं कारण शोधून काढलं होतं. हे सगळे जीव मोकळं झालेलं फॉस्फेट लगेच उचलतात. शिवाय वरचं गाव आणि भोवतालची शेती यांचं पाणी उतारावरून येतंच. तेव्हा आज तिथे जे मोजलं जाईल, ते निव्वळ दगडाचं देणं मानता येत नाही.

कॅटलिंग यांनीच सेबास्टियन हास यांच्यासोबत २०२४ मध्ये याचं उत्तर कॅनडात शोधलं. ब्रिटिश कोलंबियात बसाल्टच्या पठारावर लास्ट चान्स नावाचं एक तळं आहे. खोली जेमतेम फूटभर, पाणी गढूळ, काठावर मिठाची जाड साय. या तळ्यातलं फॉस्फेट आजवर कुठल्याही नैसर्गिक तळ्यात नोंदलं गेलेलं सर्वाधिक, लिटरमागे तीन ग्रॅमहून जास्त. गाळ तपासला तर कॅल्शियम मॅग्नेशियमच्या आणि कार्बोनेटच्या सोबतीने डोलोमाइट होऊन बसलेला. फॉस्फेट मोकळं. जवळच गुडइनफ नावाचं दुसरं तळं आहे, तशाच खडकावर, पण कमी खारं. त्यात हवेतला नायट्रोजन बांधणारे सूक्ष्मजीव भरपूर आहेत आणि ते फॉस्फेट खाऊन टाकतात. लास्ट चान्सच्या कडक पाण्यात त्यांचं फारसं चालत नाही, म्हणून तिथे ते साठून राहतं. दोन तळी, एकच खडक, आणि मधला फरक जीवाचा. निसर्गात इतकी चांगली तुलना आयती मिळणं दुर्मीळ.

फॉस्फेटच्या प्रश्नाला दुसरीही उत्तरं आहेत. अशनींमध्ये श्रायबरसाइट नावाचं लोह, निकेल आणि फॉस्फरसचं खनिज असतं. ते पाण्यात पडलं, की फॉस्फाइट, म्हणजे फॉस्फेटचाच कमी ऑक्सिजनचा भाऊबंद, देतं, आणि फॉस्फाइट कॅल्शियमच्या तावडीत तितकंसं सापडत नाही. मॅथ्यू पासेक यांनी यावर खूप काम केलं आहे. पिलबारातल्या प्राचीन खडकांत त्यांच्या चमूला फॉस्फाइटचा अंशही सापडला. वीज जमिनीवर पडून वितळलेल्या मातीतही श्रायबरसाइट तयार होतं. ही सगळी उत्तरं एकाच वेळी खरी असायला काहीच हरकत नाही.

आता समजा फॉस्फेट पदरात पडलं. पुढे काय? आरएनएला रायबोज नावाची साखर लागते आणि ती फार नाजूक. अल्कधर्मी पाण्यात ती झपाट्याने बिघडून काळी-तपकिरी होते. स्टीव्हन बेनर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की बोरेट असलेली खनिजं सोबत असतील तर ती तशी बिघडत नाही. टाकणखार ज्या कुळातला, त्याच कुळातली ही खनिजं, आणि तीही अशाच आटणाऱ्या तळ्यांच्या काठी सापडतात. हा योगायोग मला बोलका वाटतो, पण त्याच्यावर मी फार भार टाकणार नाही.

मोठी अडचण पुढची आहे. कडीला कडी जोडताना दर जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर क्रिया उलटी फिरते आणि झालेला जोड सुटतो. समुद्रात साखळी वाढायची कशी? शिवाय समुद्रात रेणू इतके विरळ, की दोघांची गाठ पडणंच मुश्कील. जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९२९ मध्ये आदिम समुद्राची कल्पना पातळ गरम रश्श्यासारखी केली होती. त्यांचेच मित्र जे. डी. बर्नाल यांनी १९४७ मध्ये त्या पातळपणावर उपाय सुचवला. चिकणमाती. तिच्या कणांवर रेणू चिकटतात, दाटी करतात आणि एकमेकांना भेटतात.

आणि इथे मला पुन्हा आमची काळी जमीन आठवते. तिच्यातली मुख्य चिकणमाती स्मेक्टाइट कुळातली, मॉन्टमोरिलोनाइटची. पाषाण झिजून झालेली. वहीच्या पानांसारखे एकावर एक थर, प्रत्येक थर साधारण एक नॅनोमीटर जाड. पाणी मिळालं, की पानांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. वैशाखात सुकते तेव्हा रानाला अशा भेगा पडतात, की बैलाचा पाय अडकावा. या थरांचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर एका ग्रॅम मातीत सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे. एवढ्या जागेवर किती रेणू बसतील! पीक जे अन्न घेतं, त्यातलं कितीतरी या पानांवरूनच घेतं.

भिजणं आणि सुकणं. १९७८ मध्ये नोआम लहाव आणि सहकाऱ्यांनी साधं अमिनो आम्ल, ग्लायसीन, चिकणमातीसोबत आळीपाळीने भिजवलं आणि तापवून सुकवलं. मातीवर छोट्या साखळ्या तयार झाल्या. पाणी उडून गेलं की जोड व्हायला वाव मिळतो, पाणी आलं की रेणू हलतात आणि नवी जागा शोधतात. पाऊस आणि ऊन यांच्या येरझाऱ्या पाहत वाढलेल्या माणसाला हा प्रयोग आपलासा वाटतो.

१९९६ मध्ये जेम्स फेरिस, लेस्ली ऑर्गेल आणि सहकाऱ्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. नुसत्या द्रावणात आरएनएच्या कड्या जोडू दिल्या, तर साखळी दहाच्या आसपास थांबत होती. मॉन्टमोरिलोनाइट घालून, पुन्हा पुन्हा नव्या कड्या पुरवत गेल्यावर ती ५५ कड्यांपर्यंत वाढली. तीस ते साठ कड्या ही लांबी महत्त्वाची मानतात, कारण तेवढ्यात साखळी माहिती सांभाळण्याच्या आणि काही काम करण्याच्या योग्यतेला येते. याच प्रयोगात अमिनो आम्लांसाठी त्यांनी जी खनिजं वापरली, त्यांत हायड्रॉक्सिलअ‍ॅपेटाइट होतं. म्हणजे फॉस्फेटला घट्ट धरून बसणारं तेच खनिज, आपल्या हाडांतलं. एका कामात आडवं येणारं खनिज दुसऱ्या कामात हात देऊन गेलं. खनिजांना चांगलं-वाईट ठरवण्याची माझी सवय हे वाचल्यावर मोडली.

फेरिसच्या प्रयोगात पळवाटा आहेत आणि त्या झाकून ठेवणं मला पटणार नाही. त्यांनी वापरलेल्या कड्या आधीच 'तयार' केलेल्या होत्या, म्हणजे त्यांना जोडायला सोपा जाईल असा एक गट आधी लावला होता. निसर्गात ते काम कुणी केलं, हे सांगावं लागेल. सगळ्या मॉन्टमोरिलोनाइटला हे जमतंही नाही. काही ठिकाणच्या मातीला जमतं, तीही आधी प्रक्रिया करून. तेव्हा आमच्या रानातली माती उचलून प्रयोग यशस्वी होईल, अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण मार्ग दिसला, हे खरं.

२००३ मधला जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेतला प्रयोग मात्र मला आजही थक्क करतो. मार्टिन हँचिक आणि शेली फुजिकावा यांनी मेदाम्लांच्या द्रावणात मॉन्टमोरिलोनाइट टाकलं. मेदाम्लं पाण्यात आपसूक एकत्र येऊन पोकळ पिशव्या करतात, पेशीच्या आवरणासारख्या. माती घातल्यावर त्या कितीतरी वेगाने होऊ लागल्या. आणि आरएनए चिकटलेला मातीचा कण घेतला, तर तो कण आरएनएसकट पिशवीच्या आत सापडला. त्याचं सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र आहे. हिरवट गोल पिशवी आणि तिच्या पोटात लालसर चमकणारा मातीचा कण. तो जीव नाही. पण साखळी वाढवणारं आणि तिच्याभोवती आवरण उभं करणारं खनिज एकच, ही गोष्ट लहान नाही.

ग्लासगोचे ग्रॅहम केर्न्स-स्मिथ १९६६ पासून याहून धाडसी गोष्ट मांडत होते. पहिली जनुकं म्हणजे चिकणमातीचे स्फटिकच, स्फटिकातले दोष म्हणजे माहिती, आणि आरएनए नंतर येऊन त्यांची जागा घेणारा. कल्पना इतकी सुरेख आहे, की ती खरी ठरावी असं मनापासून वाटतं. पुरावा मात्र आलेला नाही, आणि सुरेखपणावर विज्ञान चालत नाही.

तळ्यांच्या बाजूने मी इतकं लिहिलं, तर दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण तिचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. म्युनिकचे ग्युंटर वेख्टर्सहॉयझर व्यवसायाने पेटंटचे वकील. १९८८ मध्ये त्यांनी लोह आणि गंधकाच्या खनिजांवर, समुद्रतळाच्या गरम पाण्यात जीवाची रसायनक्रिया सुरू झाली असं मांडलं. मायकेल रसेल यांनी त्याच दिशेने अल्कधर्मी झऱ्यांचा विचार पुढे नेला. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' सापडली. ६० मीटरपर्यंत उंच पांढरे मनोरे, आणि त्यांतून पाझरणारं कोमट अल्कधर्मी पाणी. हे पाणी ऑलिव्हिन खनिजाशी क्रिया होऊन येतं आणि त्यात हायड्रोजन भरलेला असतो. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये श्वसनाचं पहिलं मोठं यंत्र आहे. त्यात लोह-गंधकाचे आठ छोटे पुंजके आहेत. त्यांतले सात ओळीने बसलेले आहेत आणि त्यांवरून इलेक्ट्रॉन पुढे जातात. खनिजाचे तुकडेच म्हणा ना. तेव्हा लोह आणि गंधक या गोष्टीत अगदी आरंभापासून होते, हे मला नाकारता येत नाही.

तरी माझा कौल काठाच्या, आटणाऱ्या, भरणाऱ्या पाण्याला आहे. समुद्राच्या तळाशी सुकणं नाही, आणि सुकल्याशिवाय साखळी वाढवणं कठीण. फॉस्फेट साठण्याची सोयही तिथे दिसत नाही. झऱ्यांच्या बाजूची मंडळी यावर उत्तरं शोधत आहेत आणि ती मी वाचत असते. कदाचित एका जागी सगळं घडलंच नसेल.

मला आता जे घडावंसं वाटतं ते फार मोठं नाही. लोणारच्या पाण्यावर विदर्भ-मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत बरंच काम होतं. सूक्ष्मजीव मोजले जातात, सामू, क्षारता मोजली जाते. पण फॉस्फेट आणि कॅल्शियम एकाच नमुन्यात, दर महिन्याला, काठापासून मध्यापर्यंत, आणि शिवाय गाळाच्या आतल्या पाण्यात, असं वर्षानुवर्षं सलग मोजायला हवं. धारेचं गोड पाणी जिथे खाऱ्यात मिसळतं तिथे तर हटकून. कारण कॅल्शियम घेऊन येणारं पाणी आणि त्याला उचलणारं कार्बोनेट यांची गाठ तिथेच पडते. वैशाखात पापडी धरते तेव्हाचा एक नमुना, आणि श्रावणात पाणी चढतं तेव्हाचा एक. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मॉलिब्डेट, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि रंगमापक प्रत्येक बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असतात, आणि कॅल्शियम मोजण्याचं ईडीटीए टायट्रेशन पहिल्या वर्षाची पोरं करतात. पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी, की नमुना आधी पातळ करून आम्लाने सामू खाली आणावा लागेल, नाहीतर निळा रंग नीट चढणार नाही. सिलिकाचा अडथळाही सांभाळावा लागेल. हे दोन्ही कसं करायचं, ते मी कुणी विचारलं तर आनंदाने शिकवीन.